नट आवळण्याआधी: घाटात जुनी गाडी चालवणाऱ्यांसाठी

जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग झिजून मरतं त्यापेक्षा आवळून जास्त मरतं, असं माझं मत आहे. चाक जॅकवर उचललं, हलवून पाहिलं, थोडंसं हललं, की हात पान्याकडे जातो. नट चांगला कडक केला की चाक हलायचं थांबतं, मालकाचं समाधान होतं आणि पुढच्याच चढाला हब तापायला लागतो. थोडं हलणं हा या बेअरिंगचा दोष नाही, ती त्याची गरज आहे. किती हलू द्यायचं आणि कुठे थांबायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

हे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या निमित्ताने सांगतोय, कारण पुढच्या बेअरिंगची इतकी कसून परीक्षा घेणारे रस्ते जवळपास फार नाहीत. मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हार गाठायचं म्हणजे सुमारे ४५० मीटर उंचीवर यायचं. तिथून मोखाडा, पुढे तोरंगणचा घाट आणि त्र्यंबकेश्वर. या वाटेवर सलग सरळ रस्ता थोडाच. प्रत्येक वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या पुढच्या चाकावर येतं, तेही तिरकं. त्यात पावसाळा. चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो. पाड्यांकडे जाणाऱ्या फरशी-पुलांवरून पाणी वाहत असतं आणि उतारावर तापलेलं चाक थेट त्या पाण्यात उतरतं.

या भागात 'क्लासिक कार' म्हटलं तर सगळ्यात आधी जीपच आठवावी. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या घराण्यातल्या गाड्या पुढे कित्येक दशकं डोंगराळ तालुक्यांत माणसं आणि माल ओढत राहिल्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्याआधी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे इथल्या अनेक जुन्या गाड्यांवर अजूनही ठाण्याची एमएच-०४ पाटी दिसते. शिवाय पावसात धबधबे बघायला मुंबई-नाशिककडून हौशी लोक जपून ठेवलेली पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर घेऊन येतात. खालचं मार्गदर्शन या सगळ्यांना लागू आहे. जीपचं वेगळं असेल तिथे तसं सांगेन.

आधी रोग ओळखा

पुढून गुरगुर आली की बेअरिंग गेलं, असं ठरवून टाकू नका. जुन्या बटणांचे टायरही तसाच आवाज करतात. फरक वळणावर कळतो. सपाट रस्त्यावर गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवा. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा डावं बेअरिंग, कारण वजन तिकडे गेलेलं असतं. टायरचा आवाज वळणाने असा बदलत नाही.

मग गाडी सपाट जागी उभी करा. जव्हारसारख्या गावात हेच आधी अवघड आहे, तेव्हा घराच्या अंगणाचा उतार नीट पाहून घ्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. जुन्या विलीज जीपला डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असत, हे लक्षात न घेता जोर लावणाऱ्यांनी कितीतरी स्टड मोडले असतील. त्यानंतर जॅक लावा आणि गाडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर, बसवा. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही. ओल्या मातीत घोडीखाली जाड फळी घाला.

आता चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरा आणि वरचा हात ओढत खालचा ढकला. खटखट जाणवली तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर हा प्ले, म्हणजे ही मोकळीक, बेअरिंगचा आहे. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिन किंवा वर-खालचे सांधे झिजले आहेत, आणि बेअरिंग कितीही आवळलं तरी ती जाणार नाही. तीन आणि नऊच्या जागी धरून हललं तर टायरॉडकडे बघा. ही दोन मिनिटांची चाचणी न करता नट आवळला जातो, तिथून पुढचं सगळं बिघडतं.

चाक हाताने जोरात फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. कानाला ऐकू न येणारी खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. अगदी मऊ फिरलं आणि प्लेही जेमतेम असला, तर आज हब उघडायची गरज नाही.

आत काय असतं

अशा बहुतेक गाड्यांत प्रत्येक पुढच्या चाकाला दोन टेपर रोलर बेअरिंगं असतात. हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये या बेअरिंगचं पेटंट घेतलं. रोलर निमुळते, ते ज्यावर फिरतात तो आतला 'कोन' आणि बाहेरचा 'कप' हेही निमुळते. त्यामुळे वरून येणारं वजन आणि वळणावरचा आडवा धक्का, दोन्ही एकच बेअरिंग पेलतं. दोन बेअरिंगं निमुळती बाजू एकमेकांकडे करून बसवलेली असतात आणि नट फिरवला की दोन्ही कोन जवळ येतात. म्हणून इथे नटाचं काम चाक धरून ठेवण्यापुरतं नाही. रोलर आणि कप यांच्यातली फट तोच ठरवतो.

ही फट शून्य करून चालत नाही. चालताना बेअरिंग गरम होतं, धातू फुगतो, फट आणखी कमी होते. आधीच शून्यावर आवळलेलं बेअरिंग गरम झाल्यावर स्वतःलाच चिरडायला लागतं. ग्रीस पातळ होऊन पळतं, रोलर निळे पडतात, आणि शेवटी बेअरिंग अडकून कोन ज्या दांडीवर बसतो त्या स्टब अॅक्सलवरच फिरायला लागतो. फट जास्त राहिली तर मरण इतक्या लवकर येत नाही, पण चाक डुगडुगतं, ड्रम लायनरला एका बाजूला घासतो आणि ऑइल सीलचा ओठ झिजून पाणी आत यायला वाट मिळते.

एक अपवाद ठळकपणे सांगतो. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत, उदाहरणार्थ मॉरिस मायनरमध्ये, टेपरऐवजी बॉल बेअरिंगं असतात आणि दोघांच्या मध्ये ठरावीक लांबीचा स्पेसर असतो. तिथे फट स्पेसर ठरवतो आणि नट ठरलेल्या जोराने पूर्ण आवळायचा असतो. तुमच्या गाडीत काय आहे हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. हब उघडा आणि बघा: रोलर निमुळते आहेत की गोळ्या आहेत.

हब उघडणं

चाक काढल्यावर मध्यभागी ग्रीस कॅप दिसेल. ती उपटू नका. बोथट छिन्नी कडेला लावून, हब फिरवत फिरवत हलके ठोके द्या, ती आपोआप बाहेर येते. वेडीवाकडी झालेली कॅप पुन्हा बसवली तर पावसात पाणी तिथूनच शिरतं.

कॅपखाली खाचांचा नट आणि त्यातून आरपार गेलेली स्प्लिट पिन असते. पिन सरळ करून ओढून काढा आणि फेकून द्या, ती परत वापरायची नाही. नट फिरवण्याआधी आटे निरखून पाहा. काही जुन्या गाड्यांत एका बाजूच्या स्टब अॅक्सलचे आटे उलटे असतात. नट आणि त्यामागचा वायसर काढल्यावर हब जरासा पुढे ओढा, बाहेरचं बेअरिंग हातात येईल. ते जमिनीवर पडू देऊ नका. मातीत पडलेलं बेअरिंग धुऊन साफ होतं, असं समजू नये.

ड्रम अडकला असेल तर ब्रेकचं अॅडजस्टमेंट सैल करा. ठोकाठोक करून उपयोग नाही, कारण झिजलेल्या ड्रमच्या आतली कडा लायनरला अडकलेली असते. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

फोर-व्हील जीपचं प्रकरण थोडं लांबतं. तिथे पोकळ स्पिंडलमधून अॅक्सलची दांडी येते आणि चाकाला फिरवणारी फ्लँज हबवर बोल्टने बसवलेली असते. आधी कॅप, मग दांडीवरचं सर्कलिप, मग फ्लँजचे सहा बोल्ट. फ्लँजखाली पातळ शिम असतील तर त्या जपून ठेवा. आत एकामागे एक दोन मोठे षटकोनी नट दिसतील आणि त्यांच्या मध्ये कडा दुमडलेला लॉक वायसर. बाहेरचा नट लॉकचा, आतला अॅडजस्टमेंटचा. वायसरची दुमड सरळ करून मग नट सोडवायचे. यासाठी खोल बॉक्स पाना लागतो आणि तो विकत घ्यावाच. अनेक जीपांचे हे नट छिन्नीच्या खुणांनी भरलेले असतात. छिन्नीने नट निघतो खरा, पण त्याच छिन्नीने तो बारकाईने अॅडजस्ट होत नाही.

धुणं आणि निरखणं

सगळं जुनं ग्रीस पुसून काढा, पण पुसण्याआधी त्याचा रंग बघा. निरोगी ग्रीस काळसर झालं तरी चिकट आणि एकजीव असतं. पाणी शिरलेलं ग्रीस घुसळलेल्या ताकासारखं पांढरट आणि फेसाळ दिसतं. चिमटीत घेऊन चोळल्यावर चमचमणारे कण लागले तर बेअरिंगचा धातू सुटायला लागला आहे.

बेअरिंग रॉकेलमध्ये ब्रशने धुवा, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर वाळवा. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवायची गॅरेजात फार हौस असते. ती धोक्याची आहे. कोरडं बेअरिंग त्या वेगाने फिरलं की रोलरवर ओरखडे पडतात, आणि रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटला तर रोलर गोळीसारखा उडतो.

वाळलेल्या रोलरकडे भिंगातून आणि उन्हात पाहा. एकसारखा राखाडी, मंद चकाकणारा पृष्ठभाग चांगला. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, पापुद्रे सुटल्याच्या खुणा, निळसर-तपकिरी रंग किंवा गंजाच्या उभ्या रेघा दिसल्या तर बेअरिंग बाद. या उभ्या रेघा पावसाळ्यात दोन-तीन महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीत हमखास सापडतात. हबमध्ये शिरलेलं पाणी रोलर आणि कप टेकतात त्या रेषेवर बसून राहतं, आणि रोलरच्या अंतराअंतरावर गंज चढतो. गाडी उभीच तर होती, मग बेअरिंग कसं गेलं, असं मालक विचारतो. ते उभं राहूनच गेलेलं असतं.

कोन बाद झाला तर कपही बदलायचा. जुन्या कपात नवा कोन घालणं ही काटकसर नाही. त्या दोघांचा घास एकमेकांना बसलेला असतो आणि जुन्या खड्ड्यांवरून नवे रोलर फार काळ टिकत नाहीत.

स्टब अॅक्सलवर बोट फिरवा. कोन तिथे हाताने सरकून बसायला हवा आणि फार ढिलाही नको. कधीतरी बेअरिंग अडकून कोन अॅक्सलवर फिरलेला असतो आणि तिथे घळ पडते. यावर ठिकठिकाणी एक रामबाण उपाय केला जातो: स्टब अॅक्सलवर सेंटर पंचाने ठिपके ठोकायचे, म्हणजे कोन घट्ट बसतो. हे कुणाकडूनही करून घेऊ नका. त्या ठिपक्यांची टोकं काही दिवसांत दबतात, कोन पुन्हा फिरतो, आणि कडक धातूत घातलेला प्रत्येक ठिपका ही तडा जायची जागा असते. चाकाचं अर्धं भविष्य ज्या दांडीवर आहे तिच्यावर हा प्रयोग नको. हबमध्ये कप सैल झाला तर पत्र्याची पट्टी घालण्याचा प्रकारही त्याच वर्गातला. चांगला लेथवाला हबला बूश घालून देऊ शकतो. तो नाशिकला मिळेल.

नवं बेअरिंग घेताना

बेअरिंग हा गाडीचा सुटा भाग आहे असं समजून दुकानात गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. पद्मिनीचं बेअरिंग मागितलं की हल्ली दुकानदार मान हलवतो. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवलेली होती, आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. एवढा मोठा ग्राहक गेल्यावर गाडीच्या नावाने साठा कोण ठेवणार? पण बेअरिंगवर कोरलेला नंबर सांगा, चित्र बदलतं. तोच नंबर पंपात, ट्रेलरमध्ये आणि कुठल्याशा कारखान्याच्या यंत्रातही असतो.

म्हणून जुनं बेअरिंग फेकण्याआधी नंबर उतरवून घ्या. मेट्रिक टेपर बेअरिंगचा नंबर बहुधा पाच आकडी आणि ३ ने सुरू होणारा असतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की भोक मिलिमीटरमध्ये मिळतं: ३०२०५ म्हणजे २५ मिलिमीटर. इंची मालिकेत कोन आणि कप यांचे नंबर वेगवेगळे असतात. विलीज घराण्याच्या जुन्या फोर-व्हील जीपला पुढच्या हबमध्ये आत-बाहेर दोन्हीकडे एकच जोडी लागते, कोन १८५९० आणि कप १८५२०. हिचं भोक १ ५/८ इंच, म्हणजे ४१.२७५ मिलिमीटर. चाळीसचं मेट्रिक बेअरिंग 'जवळपास तेच' म्हणून गळ्यात मारलं तर घेऊ नका. ते स्पिंडलवर चढणारच नाही.

मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड ही सुट्या भागांची जुनी ठिकाणं आहेत. खोक्याच्या छपाईवर विसंबू नका. बेअरिंग हातात घेऊन नंबर स्पष्ट आणि एकसारखा कोरला आहे का, कडा सफाईदार घासल्या आहेत का, ते बघा. नकली मालात हे दोन्ही बहुधा कच्चं असतं. ऑइल सील मात्र दर वेळी नवं घ्या. इथल्या पावसात जुन्या सीलवर भरवसा ठेवायची गरज नाही, ते स्वस्त आहे.

कप बसवणं

जुना कप हबच्या विरुद्ध बाजूने, पितळेच्या दांड्याने, समोरासमोरच्या जागी आळीपाळीने ठोकून काढा. बऱ्याच हबमध्ये त्यासाठी दोन खाचा ठेवलेल्या असतात. नवा कप बसवण्याआधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि हब उन्हात. एवढ्या फरकानेही काम सोपं होतं. कपाचं रुंद तोंड बाहेरच्या दिशेने, अरुंद बाजू आत, हे ठोकण्याआधी दोनदा बघा. जुना कप बाहेरून सहाणेवर थोडा लहान करून घेतला तर नव्यावर ठेवून ठोकायला उत्तम साधन होतं, कारण जोर सगळीकडे सारखा पडतो. पोलादी पंचाने मात्र कपाच्या चकचकीत भागाला स्पर्शही नको.

कान इथे डोळ्यांपेक्षा उपयोगी पडतो. कप सरकत असतो तोवर ठोक्याचा आवाज बोदा येतो. तळाशी टेकला की तो बदलून टणक होतो. तरी टॉर्च घेऊन कप आणि हबच्या खांद्यामध्ये फट उरली नाही ना, ते बघा. अर्धवट बसलेला कप शंभर किलोमीटरमध्ये पुढे सरकतो आणि तुमचं सगळं अॅडजस्टमेंट वाया जातं.

ग्रीस

चाकाच्या बेअरिंगसाठी लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस घ्या, डब्यावर एनएलजीआय २ किंवा ३ लिहिलेलं. स्वस्तातलं कॅल्शियम ग्रीस पाण्याला चांगलं टिकतं म्हणून काही जण तेच वापरतात, पण ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळायला लागतं. साधं लिथियम ग्रीस १८० अंशांच्या आसपास वितळतं, कॉम्प्लेक्स त्याहून बरंच वर. तोरंगणचा घाट उतरताना ड्रमची उष्णता हबकडेच येते, त्यामुळे इथे हा फरक कागदावरचा राहत नाही. दोन प्रकारची ग्रीस मिसळू नका. काही मिश्रणं पातळ होऊन वाहून जातात.

ग्रीस वरून चोपडून काही होत नाही. डाव्या तळहातावर गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत ओढा. ग्रीस रोलरांच्या मधून वर येऊन दुसऱ्या टोकाला सगळ्या फटींतून डोकावलं की तेवढा भाग भरला. मग बेअरिंग थोडं फिरवून पुढचा भाग. हबच्या आतल्या पोकळीत कडेने थर द्या, पण पोकळी गच्च भरू नका. एक तृतीयांश ते निम्मी पुरे. जास्तीचं ग्रीस तापून फुगतं, सीलवर दाब येतो आणि ते लायनरवर उतरतं. घाटात ब्रेक एका बाजूला ओढायला लागल्यावर मग कारण कळतं. कॅपही ठासून भरायची नाही.

आतलं बेअरिंग हबमध्ये ठेवा आणि सील सपाट लाकडी तुकड्याने एकसारखं ठोकून बसवा. त्याचा ओठ आत, ग्रीसच्या बाजूला हवा. ओठाला बोटभर ग्रीस लावा, नाहीतर पहिल्याच फेरीत तो जळतो. स्टब अॅक्सलवर ज्या जागी हा ओठ फिरतो तिथे घळ किंवा गंज असेल तर नवं सीलही पाणी अडवणार नाही. ती जागा बारीक पॉलिश पेपरने साफ करा.

अॅडजस्टमेंट

हब चढवा, बाहेरचं बेअरिंग, वायसर, नट. आता चाक किंवा ड्रम एका हाताने सतत फिरवत नट आवळा, १५ ते २० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २० ते २७ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर वीतभर पान्याला मनगटाने लावलेला जोर, त्याहून जास्त नाही. चाक फिरवत राहणं महत्त्वाचं आहे, कारण फिरताना रोलर आपापल्या जागी सरकून बसतात. चाक स्थिर ठेवून आवळलं तर नट घट्ट वाटतो आणि रोलर मात्र वाकडे राहतात.

मग नट पूर्ण सैल करा. पुन्हा, आता पाना न लावता, नुसत्या बोटांनी फिरवा. बोटांना जिथे अडेल तिथे थांबा. ही सुरुवातीची जागा.

इथून पिनच्या भोकाशी खाच जुळवायची, आणि चूक इथेच होते. खाच जुळत नाही म्हणून नट थोडा पुढे ढकलला जातो. हिशेब करून बघा. दीड मिलिमीटर अंतराचे आटे धरले तर सहा खाचांच्या नटाला एक खाच म्हणजे साठ अंश, म्हणजे पाव मिलिमीटर. आणि आपल्याला हवी असलेली फट किती? साधारण ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर. एका खाचेत आपण सगळी मर्यादा ओलांडून जातो. म्हणून नियम असा: खाच नेहमी मागे, सैल दिशेला जुळवायची. मागे नेल्यावर प्ले स्पष्ट जास्त वाटला तर वायसर बदलून बघा, किंवा काचेवर पॉलिश पेपर ठेवून नटाची तळबाजू केसभर घासा, म्हणजे खाचांची जागा बदलते. स्टब अॅक्सलला काटकोनात दोन भोकं असतील तर नशीब समजा, पायरी निम्मी झाली.

फट बरोबर आहे हे डायल गेजने मोजता येतं, पण गेज नसताना वायसर सांगतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक वायसरच्या कडेला लावून हलकं रेटा. तो ग्रीसमध्ये जडपणे सरकला की जमलं. जागचा हलला नाही तर नट आवळलेला आहे, सळसळ सरकला तर फार सैल. चाक चढवून टायरच्या कडेला धरलं तर खटका जेमतेम जाणवावा. अजिबात जाणवला नाही तर मी खूष होत नाही.

जीपमध्ये आतला नट चाक जड होईपर्यंत, फिरवत फिरवत आवळायचा आणि मग सुमारे एक षष्ठांश फेरी मागे. चाक मोकळं फिरेल आणि डुगडुगणार नाही असं बघायचं, जरूर पडली तर आणखी थोडं मागे. पण काम इथे संपत नाही. लॉक नट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांमधल्या मोकळिकीएवढा पुढे रेटतो, आणि मघाशी ठेवलेली फट कमी होते. म्हणून लॉक नट आवळून झाल्यावर चाक पुन्हा तपासा. फट गेली असेल तर सगळं सोडून आतला नट जरा जास्त मागे ठेवा. हे दोन-तीनदा करावं लागतं. समाधान झाल्यावरच वायसर दुमडा.

नवी स्प्लिट पिन घाला, टोकं पसरून दुमडा, आणि ती कॅपला घासत नाहीत ना, ते बघा.

चाचणी चढावर घ्या, उतारावर नको

नवं बेअरिंग तापतंय का हे हबला हात लावून बघायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण घाट उतरून खाली आल्यावर हात लावला तर ब्रेकने तापलेला हब हाताला चटका देणारच, आणि बेअरिंगबद्दल त्यातून काही कळत नाही. म्हणून जव्हारकरांनी विक्रमगडहून वर यावं. चढाला ब्रेकला फारसं काम नसतं. वर सपाटीला आल्यावर गाडी शक्यतो ब्रेक न दाबता हळू होऊ द्या, थांबा आणि दोन्ही पुढच्या हबांना हात लावा. कोमट असणं ठीक. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल, हात ठेववत नसेल, तर तो आवळलेला आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. चाक उचलून फिरवलं की यातलं कुठलं, ते लगेच कळेल. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर प्ले पुन्हा तपासा, कारण नवे कप तेवढ्यात जरा बसतात.

वेळापत्रकाचं म्हणाल तर इथे किलोमीटर मोजण्यापेक्षा पाऊस मोजावा. मे महिन्यात एकदा ग्रीस बदलून सील पाहून घ्यायचं, आणि दसऱ्याच्या आधी, गाडी धुऊन झेंडूची माळ घालण्याआधी, हब पुन्हा उघडायचा. मध्ये कधी फरशीवरच्या पाण्यात हब बुडाला, तर दसऱ्याची वाट पाहू नका. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाजवळून पाणी आत ओढलं जातं. घाट उतरून लगेच पाणी लागणार असेल तर काठावर दहा-पंधरा मिनिटं थांबलेलं बरं. वाहत्या पाण्याची खोली आणि जोर बघायलाही तेवढा वेळ हवाच.

मोखाड्याच्या पुढे मेकॅनिक शोधणं कठीण आहे, म्हणून गाडीत एक लहान डबा ठेवा: एक आतलं आणि एक बाहेरचं बेअरिंग, एक सील, चार-पाच स्प्लिट पिना, ग्रीसची छोटी डबी, फडकी, आणि जीपवाल्यांनी तो बॉक्स पाना. वाटेत हब तापून वास यायला लागला तर त्यावर पाणी ओतू नका, लाल तापलेला धातू तडकतो. थांबा, निवू द्या, चाक उचला. नुसता आवळलेला असेल आणि चाक निवल्यावर मोकळं फिरत असेल, तर नट एक खाच मागे घेऊन, नवी पिन घालून, वीस-पंचवीसच्या वेगाने जवळच्या गावापर्यंत जाता येतं. पण चाक फिरवताना कडकड आवाज आला, किंवा कॅपमध्ये पिंजऱ्याचे तुकडे सापडले, तर गाडी एक मीटरही चालवू नका. बाहेरचं बेअरिंग फुटलं की हबला धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही आणि चाक ड्रमसकट निघून येतं. अशी गाडी पुढची चाकं उचलून टो करा, नाहीतर टेम्पोत चढवा.